सातव्या इमारतीचा वाद : जाड देवदत्त, ओले सरपण आणि सत्तेचाळीस मजले

गेल्या वेळी आपण 'कारण' या शब्दाबद्दल बोलत होतो, आणि वेळ संपता संपता एका श्रोत्याने लेखी प्रश्न पाठवला. प्रश्न असा होता : "सर, तुम्ही मडके आणि कुंभार यांच्यात अडकला आहात. न्यूयॉर्कमधली सातवी इमारत का पडली, ते तुमच्या न्यायशास्त्राने सांगून दाखवा." प्रश्नात थोडी थट्टा होती, पण प्रश्न चांगला होता. मी पंधरा दिवस मागून घेतले. अहवाल वाचले, टीका वाचली, टीकेवरची टीका वाचली. मी अभियंता नाही, हे आधीच कबूल करतो. पण या वादातला निम्मा भाग पोलादाचा नाहीच, तो अनुमानाचा आहे. आणि अनुमानावर बोलण्याचा थोडा अधिकार चाळीस वर्षे वर्गात खडू झिजवून मिळवलेला आहे.

आधी घटना काय ते पाहू, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. ११ सप्टेंबर २००१ रोजी दोन मनोरे पडले, हे जगाला माहीत आहे. त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी तिसरी उंच इमारत पडली. तिचे नाव 'सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर'. ४७ मजले, सुमारे १८६ मीटर उंची, १९८७ साली पुरी झालेली. तिच्यावर विमान आदळले नव्हते. उत्तरेकडचा मनोरा सकाळी १०.२८ला कोसळला तेव्हा त्याचे जळते अवशेष सुमारे ११० मीटरवरच्या या इमारतीवर आले, आगी लागल्या, आणि जवळजवळ सात तास त्या जळत राहिल्या. मग इमारत खाली आली, बरीचशी सरळ, काही सेकंदांत. त्यात एकही माणूस मेला नाही, कारण आतले लोक आधीच बाहेर पडले होते आणि अग्निशमन दलाने दुपारीच भोवतालचा परिसर मोकळा केला होता. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता संशय का आला? मी संशयितांना वेडे म्हणणाऱ्यांतला नाही. इमारतीतले भाडेकरू बघा : सीआयए, सीक्रेट सर्व्हिस, शेअर बाजारावर देखरेख करणारा सरकारी आयोग, आणि तेविसाव्या मजल्यावर खुद्द शहराचे आपत्कालीन व्यवस्थापन केंद्र! बीबीसीच्या वार्ताहर बाई इमारत पडल्याची बातमी देत होत्या तेव्हा ती त्यांच्या पाठीमागे उभी दिसत होती. २००४ साली आलेल्या ९/११ आयोगाच्या जाडजूड अहवालात या इमारतीच्या कोसळण्याचा उल्लेखच नाही. आणि पोलाद? मनोऱ्यांचे आणि परिसराचे भंगार भराभर उचलले गेले, वितळवायला विकले गेले. त्यातले काही तर जहाजांनी आपल्या चेन्नई बंदरात उतरले, २००२च्या सुरुवातीला तशा बातम्या आपल्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. न्यूयॉर्कमधल्या खटल्याचा मुद्देमाल कदाचित आपल्याकडच्या कुठल्यातरी बांधकामात सळया होऊन बसला असेल. असे असताना एखाद्याच्या मनात पाल चुकचुकली, तर त्यात त्याचा दोष काय?

पण पाल चुकचुकणे हे प्रमाण नव्हे. इथून पुढे नीट चालू.

ही इमारत स्फोटके लावून पाडली, असे मानणाऱ्यांचा पहिला आणि सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद असा : या दिवसाआधी जगात एकही उंच पोलादी इमारत केवळ आगीने पूर्ण कोसळली नव्हती, म्हणून हीही आगीने कोसळली नसणार. ऐकायला भक्कम वाटते. आपल्या नैयायिकांनी हे वाक्य ऐकताच विचारले असते, व्याप्ती निरुपाधिक आहे का? 'जिथे अग्नी तिथे धूर' असे म्हणून पाहा. रोजच्या चुलीवर खरे वाटते. पण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. मग लक्षात येते की धूर अग्नीमुळे नव्हता, ओल्या सरपणाच्या अटीवर होता. ती अट आपण न बघता गिळली होती. हिलाच शास्त्रात 'उपाधी' म्हणतात.

मग इथली उपाधी कोणती? १९९१ साली फिलाडेल्फियात 'वन मेरिडियन प्लाझा' ही ३८ मजली इमारत अठरा तासांहून जास्त जळली आणि पडली नाही. हे उदाहरण आगीचा सिद्धांत नाकारणारे फार आवडीने देतात. पण पुढची ओळ सांगत नाहीत. ती आग बाविसाव्या मजल्यावर लागली, मजल्यामागून मजले खात वर चढली, आणि तिसाव्या मजल्यावर थांबली. का थांबली? त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते. छतातून पाणी आपोआप फवारणारी ती तोंडे, मोजून दहा, उघडली आणि आग आवरली. त्या आगीत अग्निशमन दलाची तीन माणसे दगावली. म्हणजे इमारत टिकली, पण पाणी होते आणि माणसे लढत होती, या अटीवर टिकली.

सातव्या इमारतीत काय झाले? तिच्या खालच्या वीस मजल्यांचे स्प्रिंकलर शहराच्या जलवाहिनीवर अवलंबून होते, आणि मनोरे पडताना जलवाहिन्या फुटल्या होत्या. वरच्या मजल्यांना टाक्या होत्या, खालच्यांना काहीच नाही. आगी नेमक्या खाली होत्या, सातव्या ते नवव्या आणि अकराव्या ते तेराव्या मजल्यांवर त्या बेबंद पसरल्या. आणि अग्निशमन दल आपली शेकडो माणसे सकाळी गमावून बसले होते, त्यांनी ही रिकामी इमारत सोडून दिली. म्हणजे ओले सरपण इथे नव्हते. 'यापूर्वी कधी घडले नाही' या वाक्याचा आधार ज्या उदाहरणांत होता, त्यांतली मुख्य अटच इथे गैरहजर होती.

पुढे जानेवारी २०१७मध्ये तेहरानची 'प्लास्को' ही सतरा मजली पोलादी इमारत आग लागून काही तासांत सर्वांसमक्ष कोसळली. तिची रचना वेगळी होती, वयाने ती जुनी होती, म्हणून ती सातव्या इमारतीचे स्पष्टीकरण होत नाही, हे मान्य. पण 'कधीच नाही' हा शब्द त्या दिवशी निकालात निघाला.

आता दुसरा युक्तिवाद. हा खरोखर वजनदार आहे, आणि इथे मी सरकारी बाजूलाही सोडणार नाही.

अमेरिकेची राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्था, तिचे लघुरूप 'निस्ट', हिने या इमारतीची चौकशी केली. प्रमुख होते श्याम सुंदर, आपल्या दिल्ली आयआयटीत शिकलेले. त्यांच्या आधी, मे २००२मध्ये, 'फेमा' या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेचा प्राथमिक अहवाल आला होता. त्यात तळमजल्यांजवळच्या जनरेटरांच्या डिझेलवर आणि खालच्या मोठ्या ट्रस, म्हणजे भार वाटून घेणाऱ्या कैच्या, यांच्यावर संशय होता. आणि लगेच प्रांजळ कबुली होती की आमची सर्वांत चांगली उपपत्तीसुद्धा संभाव्यतेच्या दृष्टीने कमकुवतच आहे, अधिक संशोधन हवे. मला ही कबुली फार आवडते. संशोधकाने असेच बोलावे.

निस्टने सहा वर्षे घेतली, आणि डिझेलची भूमिका जवळजवळ शून्यावर आणली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. पोलाद वितळले नाही. ते मऊ पडून वाकले, हेही मुख्य कारण नव्हे. ते लांबले. पूर्वेकडच्या भागातल्या लांबलचक तुळया तापून प्रसरण पावल्या, तेही ४०० अंश सेल्सिअसच्या आतल्या तापमानात, आणि त्यांनी तेराव्या मजल्यावरच्या एका मुख्य गर्डरला त्याच्या बैठकीवरून ढकलले. तो गर्डर ७९ क्रमांकाच्या खांबाला टेकलेला होता. तो सुटला, मजला खाली बसला, खालचे मजले पत्त्यांसारखे पाचव्या मजल्यापर्यंत गेले. आता ७९ क्रमांकाचा खांब नऊ मजले उंचीपर्यंत बाजूने कुणीच धरलेला नाही. उंच सडपातळ काठी वरून दाबली की मध्येच फुगून वाकते, तसा तो वाकला. त्याच्यामागून आतले बाकीचे खांब पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले, आणि शेवटी बाहेरचे कवच खाली आले.

ही कथा सुसंगत आहे. मला ती मूळ गाभ्यात खरीही वाटते. पण तिला अडचणीत आणणारा माणूस निघाला एक शाळामास्तर! डेव्हिड चँडलर नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक. ऑगस्ट २००८मध्ये निस्टने मसुदा प्रसिद्ध केला. त्यात म्हटले होते की दिसणारे अठरा मजले खाली यायला ५.४ सेकंद लागले, मुक्तपतनाला ३.९ लागले असते, म्हणजे पडणे चाळीस टक्के सावकाश होते. सुंदर यांनी जाहीर सभेत समजावून सांगितले की मुक्तपतन म्हणजे खाली काहीही आधार नसणे, आणि इथे तर आधार क्रमाने मोडत होते. चँडलर यांनी चित्रफीत घेतली, एकेक चौकट मोजली, आलेख काढला आणि म्हटले, साहेब, सरासरी कशाला काढता? मधल्या काळात वेग गुरुत्वाच्या त्वरणानेच वाढतो आहे.

आणि शाळामास्तर बरोबर होता. नोव्हेंबर २००८च्या अंतिम अहवालात निस्टने पडण्याचे तीन टप्पे केले, आणि मधल्या टप्प्यात २.२५ सेकंद, सुमारे ३२ मीटर, म्हणजे आठ मजल्यांइतके अंतर इमारत मुक्तपतनाने आली, हे लिहून दिले.

मी वर्गात असतो तर इथे पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. एका नागरिकाने सरकारी संस्थेचा आकडा दुरुस्त करून दाखवला. पण नंतर दोन्ही बाजूंनी जे केले ते मात्र टाळ्यांचे नाही.

निस्टने काय केले? तीन महिन्यांपूर्वी जे अशक्य म्हणून समजावले होते, ते आता आपल्या कथेशी 'सुसंगत' आहे असे म्हटले. अरे, काल याच कथेतून उलटे अनुमान काढत होतात ना? जी उपपत्ती एका निरीक्षणाशी जुळते आणि त्याच्या विरुद्ध निरीक्षणाशीही जुळते, तिच्या बाबतीत पॉपरचा कुठलाही विद्यार्थी भुवया उंचावणार. कथा त्यामुळे खोटी ठरत नाही. आतला सांगाडा आधीच गेला असेल आणि बाहेरच्या कवचाचे खांब खालच्या काही मजल्यांत एकदा वाकून गेले असतील, तर वाकलेला खांब फारसा प्रतिकार करत नाही, हे पटण्यासारखे आहे. पण ते आधी सांगायला हवे होते, आणि चूक झाली होती हे स्पष्ट शब्दांत म्हणायला हवे होते. शिवाय निस्टच्या संगणकी प्रतिरूपात बाहेरचे कवच जसे चुरगळताना दिसते, तसे चित्रफितीत दिसत नाही, तिथे ते बरेच सरळ राहते. पुढे २०१२ साली आणखी एक दुरुस्ती झाली : गर्डरच्या बैठकीची रुंदी ११ नव्हे, १२ इंच होती, त्यामुळे तो सुटायला साडेपाच नव्हे, सव्वासहा इंच सरकायला हवा होता. हा फरक पाऊण इंचाचा आहे, पण ज्या कथेचे सगळे ओझे एका बैठकीवर टेकले आहे, तिथे पाऊण इंच ही किरकोळ गोष्ट नव्हे.

आणि दुसऱ्या बाजूने काय केले? मुक्तपतन मिळाले की थेट उडी : आठ मजल्यांचा आधार एकदम नाहीसा झाला, म्हणून तो कुणीतरी नाहीसा केला, म्हणून स्फोटके.

थांबा. इथे आपला देवदत्त येतो. मीमांसकांचे 'अर्थापत्ती' हे प्रमाण आपण गेल्या वर्षी शिकलो. देवदत्त धष्टपुष्ट आहे, दिवसा जेवत नाही, म्हणजे रात्री जेवत असणार. विसंगती दिसली की ती मिटवणारी गोष्ट मानायची. उत्तम प्रमाण आहे, पण एका अटीवर. दुसरा कुठलाच मार्ग शिल्लक नसला पाहिजे. देवदत्ताला सूज असेल तर? तर रात्रीच्या जेवणाचे अनुमान कोसळले. शिवाय रात्रीचे जेवण मानायचे तर खरकटी भांडी, चुलीतली राख, स्वयंपाकघरातला आवाज, काहीतरी सापडायला हवे. विरोधी पक्षाच्या कथेतली तूट ही आपल्या कथेची पुरचुंडी नव्हे. 'निस्टचे चुकले' आणि 'स्फोटके होती' या दोन वाक्यांमध्ये मोठी दरी आहे, आणि ती ओलांडायला स्वतंत्र पुरावा लागतो.

तो आहे का? स्फोटकांच्या बाजूने सांगतात ते पाहू. निस्टने हिशेब केला होता की एक कळीचा खांब तोडायला लागणाऱ्या किमान स्फोटाचा आवाज निदान अर्धा मैलावर १३० ते १४० डेसिबल आला असता. तो इतका प्रचंड आवाज, की मॅनहॅटनच्या त्या भागातल्या प्रत्येक कॅमेऱ्याने टिपला असता. कोसळण्याच्या क्षणी तसा आवाज कुठल्याही ध्वनिमुद्रणात नाही. मग म्हणतात, थर्माइट वापरले, ते आवाज करत नाही. पण जो पदार्थ सावकाश जाळत कापतो, तो सात तास जळलेल्या इमारतीतले खांब एका क्षणी, एकाच वेळी कसे कापणार? आवाज नको म्हणून थर्माइट, अचूक वेळ हवी म्हणून स्फोटके. देवदत्ताने रात्री काय खाल्ले, हे प्रत्येक आक्षेपागणिक बदलते आहे. आणि ते सगळे लावायला भिंती फोडाव्या लागतात, आगीत तारा टिकाव्या लागतात. असो, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी रेंगाळत नाही.

त्यापेक्षा दोन गोष्टींवर रेंगाळतो, कारण त्या फार कमी लोक बघतात.

पहिली, चित्रफीत. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या बहुतेक तुकड्यांत काय दिसते? इमारत उभी आहे, आणि अचानक सगळी खाली. पण मूळ चित्रफीत काही सेकंद आधीपासून पाहा. छतावर पूर्वेच्या बाजूला यंत्रसामग्रीचे एक ठेंगणे बांधकाम आहे. बाहेरचे कवच हलण्याच्या सुमारे सात सेकंद आधी ते आत बसते, खाली गडप होते. म्हणजे कवच जागच्या जागी असताना आतला पूर्वेकडचा भाग गेलेला आहे. ७९ क्रमांकाचा खांब बरोबर त्याखाली. जो माणूस ही सात सेकंदे कापून बाकीचे दाखवतो, त्याने 'सगळे खांब एकदम गेले' हा निष्कर्ष कात्रीने तयार केला आहे. आणि मजा बघा, ज्यांना तुकडाच पाठवला गेला, त्यांचे डोळे खोटे बोलत नव्हते. प्रत्यक्ष प्रमाणच होते. फक्त प्रत्यक्षाची सुरुवात कुठून करायची, हे दुसऱ्याने ठरवले होते.

दुसरी गोष्ट, दुपार. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी दुपारीच इमारतीचा एक कोपरा फुगलेला पाहिला, तिच्या हालचालीवर सर्वेक्षकाच्या यंत्रातून नजर ठेवली, आतून कुरकुरण्याचे आवाज ऐकले, आणि प्रमुख डॅनियल निग्रो यांनी सगळ्यांना मागे घेतले. ही माणसे पडझडीची वाट बघत कित्येक तास उभी होती. बीबीसीची घाई इथूनच समजते. दुपारभर 'पडणार, पडणार' असे चालले होते, आणि त्या दिवशीच्या गोंधळात 'पडणार'चे 'पडली' व्हायला कितीसा वेळ? आपल्याकडे नेते जिवंत असताना श्रद्धांजल्या छापून आलेल्या आहेत. तेवढ्यावरून खुनाचा कट सिद्ध होत नाही. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे की स्फोटकांचा सिद्धांत मानायचा तर फुगलेला कोपरा आणि कुरकुर हे सगळे काकतालीय ठरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असे. किंवा मग त्या सकाळी साडेतीनशेच्या आसपास सहकारी गमावलेली माणसे कटात सामील होती, असे म्हणावे लागते. तसे म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त ऐकून घेतो.

अलास्का विद्यापीठाच्या अभ्यासाचा उल्लेख न केला तर तुम्ही म्हणाल सरांनी कन्नी कापली. लेरॉय हल्सी या स्थापत्य अभियंत्यांनी केलेला हा अभ्यास मार्च २०२०मध्ये अंतिम झाला. तो सरकारी निष्कर्षाला विरोध करणाऱ्या वास्तुविशारद-अभियंत्यांच्या संघटनेच्या पैशांवर झाला, पण तेवढ्यावरून मी तो फेटाळणार नाही. पैसा कुणाचा यावरून विधान खरे-खोटे ठरत नाही. तसे असते तर निस्टलाही सरकारचाच पैसा होता. अभ्यासाचा पहिला भाग म्हणतो की तेराव्या मजल्यावरचा तो गर्डर सांगितला तसा सरकलाच नसता. हा खरा तांत्रिक आक्षेप आहे, त्याचे उत्तर अभियंत्यांनीच द्यावे. माझा आक्षेप दुसऱ्या भागावर आहे. निष्कर्ष असा की इमारत सर्व खांब जवळजवळ एकाच वेळी निकामी झाल्याने पडली. आता सांगा, हे कारण झाले की वर्णन? 'दिवा का विझला?' 'ज्योत नाहीशी झाल्यामुळे.' प्रतिरूपात खांब एकदम काढून टाकले आणि इमारत सरळ पडली. अर्थात पडणारच! खांब कशाने गेले, हा प्रश्न होता. त्यावर अहवाल बोलत नाही, स्फोटकांचे नावही घेत नाही. वाचणारे ती रिकामी जागा स्वतः भरतात. मौनाची अर्थापत्ती, म्हणा ना.

उलट एक पुरावा असा आहे की जो दोन्ही बाजूंचे लोक क्वचितच वापरतात : न्यायालय. या इमारतीखाली वीज कंपनीचे उपकेंद्र होते, ते गाडले गेले. कंपनी आणि तिच्या विमेदारांनी इमारतमालकावर दावा लावला की रचनेतच हयगय होती. खटला वरच्या न्यायालयापर्यंत गेला, डिसेंबर २०१३मध्ये निकाल लागला, मालकाच्या बाजूने, तोही एका न्यायाधीशाच्या मतभेदासह. दोन्ही पक्षांनी नामवंत अभियंते उभे केले. ते आपसांत भांडले, निस्टशीही काही मुद्द्यांवर पटले नाही. कुठला मजला, कुठला जोड, रचनेत दोष होता की नव्हता, सगळ्यावर भांडले. पण दोघेही आगीपासूनच निघाले. विचार करा, मालकाने इमारत मुद्दाम पाडली याचा कणभर पुरावा असता तर विमेदारांच्या वकिलाने तो सोडला असता? पैशासाठी भांडणारे शत्रू जिथे एकमत होतात, ती जागा मला कुठल्याही समितीच्या एकमतापेक्षा भक्कम वाटते.

बहुमताचा सूर साधारण असा होता की त्या दिवशीचा संहार इतका असाधारण होता, की रचना करणाऱ्यांनी काही वेगळे केले असते तरी इमारत गेलीच असती. इथे मी स्वतः असहमत न्यायाधीशाकडे झुकतो. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, म्हणून ते मडक्याचे कारण होत नाही. नैयायिक त्याला 'अन्यथासिद्ध' म्हणून बाजूला काढतात. पण गाढव कोण आणि कुंभार कोण, हे आधी ठरवावे लागते. निस्टचेच म्हणणे खरे धरले, तर साध्या ऑफिसातल्या कागद-फर्निचरच्या आगीने, एका खांबाच्या जाण्याने, ४७ मजले जातात. मग दहशतवाद, कोसळता मनोरा, फुटलेली जलवाहिनी ही आग लागण्याची आणि न विझण्याची कारणे झाली. एका खांबावर एवढा मोठा संसार टांगलेला होता, हे मात्र कारणांच्या ओळीत पुढे यायला हवे. आणि ही गोष्ट कटाच्या गोंगाटात बुडाली. आगीत तापलेल्या लांब तुळया जोड ढकलतात, हा धोका जगातल्या अनेक इमारतींत असू शकतो. मला या सगळ्या वादातली खरी हानी वाटते ती ही. लोक बॉम्ब शोधत राहिले, जोड कुणी पाहिले नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो निस्टच्या विरोधात आहे. आपण सगळे या प्रकरणात शब्दप्रमाणावरच विसंबून आहोत. मी गर्डर पाहिलेला नाही, तुम्हीही नाही. शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आणि वात्स्यायन आप्ताची दोन लक्षणे मागतो : त्याने वस्तू जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण तेच, असेही तो म्हणतो. म्हणजे हुद्दा पुरत नाही. २००९ साली एका अभियंत्याने माहितीच्या अधिकाराखाली निस्टकडे संगणकी प्रतिरूपाची मूळ आकडेवारी मागितली. काही दिली. पण जोड कसे तुटले याचा नेमका भाग नाकारला, कारण दिले, ती उघड केल्यास सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात येऊ शकते. भीती समजते, इमारत कशी पाडावी याची कृती कुणाच्या हाती द्यायची नसेल. पण मग ज्या गणितावर सगळा निष्कर्ष उभा आहे, ते तपासायचे कुणी? जाणलेले आहे, हे मान्य करू. जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा मात्र अर्धीच दिसली. त्या संस्थेचे निष्कर्ष बहुतांशी बरोबर असूनही तिच्यावर विश्वास ठेवणे तिनेच अवघड करून ठेवले आहे.

एक तुकडा अजून उरतो. फेमाच्या २००२च्या अहवालाच्या परिशिष्टात सातव्या इमारतीच्या एका पोलादी तुकड्याचे परीक्षण आहे. तो गंधकामुळे आतून खाल्ला गेलेला, कडा पातळ झालेल्या. तिथल्या तज्ज्ञांनी लिहिले होते की याचा सखोल अभ्यास व्हावा. निस्टचे म्हणणे पडले की या इमारतीचे निश्चित ओळख पटलेले पोलाद हाती नव्हतेच, त्यामुळे त्यांचा अभ्यास नकाशे आणि चित्रफितींवर झाला. थर्माइटवाले या तुकड्याला आपला साक्षीदार म्हणतात. दुसरे म्हणतात, ढिगाऱ्याखाली आठवडे धुमसणाऱ्या आगीत जिप्समच्या भिंतींमधले गंधक लागले असेल. १९९९ साली ब्रायन कीली या तत्त्वज्ञाने कटाच्या सिद्धांतांवर एक निबंध लिहिला. त्यात तो अशा उनाड तपशिलांबद्दल बोलतो, जे कुठल्याच कथेत बसत नाहीत. कटवाल्यांची भूल अशी, की असा प्रत्येक तपशील बसलाच पाहिजे असे त्यांना वाटते. खऱ्या घटनेत काही सुटे धागे राहतातच, कारण जग आपली सोय बघून घडत नाही. हे कीलीचे म्हणणे मला मान्य आहे. पण धागा सुटा राहणे वेगळे आणि तो तपासायला न घेणे वेगळे. तो तुकडा तपासायला हवा होता.

चला, वेळ झाली. प्रश्न विचारणारे गृहस्थ आज ऐकत असतील तर त्यांनी पुढच्या वेळी चित्रफीत पूर्ण बघून यावे, सात सेकंद आधीपासून. मग प्रश्नोत्तरांना त्यांच्यापासूनच सुरुवात करू.